मुंज्याला त्याचं वय विचारा



आपल्या या संमेलनाच्या सकाळच्या सत्रात एक ठराव आवाजी मतानं मंजूर झाला. शाळांच्या कपाटांतून आणि गावोगावच्या वाचनालयांतून भुताखेतांची पुस्तकं काढून टाकावीत, असा तो ठराव. मेलेली पोरं जिवंत पोरांच्या शाळेत जातात, त्यांच्याशी मैत्री करतात, प्रेमात पडतात, अशा कादंबऱ्यांवर त्यात विशेष राग आहे. कारण दिलंय की यामुळं कोवळी मनं बिघडतात आणि अंधश्रद्धा वाढते. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता त्या कागदावर अध्यक्ष म्हणून माझी सही हवी आहे.

ती मिळणार नाही.

अंधश्रद्धा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. 1978 च्या श्रावणात, रोवणीच्या दिवसांत, माझा तेरा वर्षांचा धाकटा भाऊ सपरीत जमिनीवर झोपला होता. पहाटे उठला तो पोट दुखतं म्हणत. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. मण्यार अशीच चावते. झोपेतल्या माणसाला कळतही नाही, आणि दातांची खूण शोधूनही सापडत नाही. घरच्यांनी मांत्रिकाला बोलावलं. त्यानं बाहेरचं काही लागलंय म्हणून दुपारपर्यंत धूप घातला, मंत्र टाकले. दवाखाना अकरा मैलांवर होता. नेला असता तर वाचला असता की नाही, मला सांगता येणार नाही. पण नेलंच नाही.

ही झाली अंधश्रद्धा. तिनं माझा भाऊ मारला.

आता पुढचं ऐका. आमच्या घरात मुंज कुणाची लागली नव्हती, तरी आजी त्याला मुंजाच म्हणायची. बिनलग्नाचा गेला, तो मुंजा. वर्षभर रात्री ती सपरीत भाताचा घास ठेवायची. मी रागावले की म्हणायची, ‘त्याले भूक लागली असन ना.’ आणि मग गोष्ट सांगायची. तो बांधीच्या धुऱ्यावरून कसा येतो, पिंपळाखाली कुणाशी गोट्या खेळतो, शाळेच्या खिडकीतून आत कसा बघतो, त्याचं गणित अजून कसं चुकतं. त्या गोष्टीत तो तेराच वर्षांचा राहिला. मी सतराची झाले, वीसची झाले, माझं लग्न झालं. त्या गोष्टीनं कुणाला मारलं नाही. दवाखान्याची वाट अडवली नाही. माझ्या आईला ती पहिल्यांदा रडू देऊन गेली.

मांत्रिक आणि आजी यांना तुम्ही आज एकाच ठरावात बांधलंत. कायद्यानंसुद्धा तसं केलेलं नाही. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची वाचा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. भुताची भीती घालून माणसाला छळणं गुन्हा आहे. भुताची गोष्ट सांगणं कुठंही गुन्हा नाही. दाभोलकरांची लढाई दाव्याशी होती. ‘मला भूत दिसतं, पैसे टाक’ हा दावा. ‘एक होता मुंजा’ ही गोष्ट. ऑगस्ट 2021 मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना भरचौकात बांधून मारलं. मारणाऱ्यांच्या हातात कादंबऱ्या नव्हत्या. त्याविरुद्ध ठराव आणा, पहिली सही माझी.

दुसरा आक्षेप ऐकला, की हे परदेशी खूळ आहे. कुणाचं परदेशी? सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठी गद्यात आणली 1830 मध्ये. मराठी छापील गद्य अजून रांगत होतं, आणि त्याच्या पाठीवर प्रेत होतं! पुढं 1870 मध्ये रिचर्ड बर्टननं त्याच विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला त्यानं चक्क व्हॅम्पायर म्हटलं. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आला.

आता मुंज्याकडं या. मुंज झाली, सोडमुंज झाली नाही, अशा मधल्या काळात जो मुलगा मेला तो मुंजा. मुंज झाली म्हणून तो लहान राहिला नाही, सोडमुंज नाही म्हणून लग्नाचा झाला नाही. दोन विधींच्या मध्ये अडकलेला. सभागृहातल्या आईबापांनो, हे वर्णन कुणाचं आहे? तुमच्या घरात दार लावून बसणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराचं आहे. लहानांच्या पंक्तीत त्याला लाज वाटते आणि मोठ्यांच्या गप्पांतून तुम्ही त्याला उठवता. म्हणून त्याला ती पुस्तकं आपली वाटतात. रक्त आणि सुळे ही वरची सजावट आहे. आत एक पोर आहे, ज्याला सगळ्यांत बसायचं आहे आणि आपण वेगळे आहोत हे लपवायचं आहे.

आणि त्या पोरासाठी आपण मराठीत काय लिहिलं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, त्यानं साहसाची बाजू एकट्यानं सांभाळली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना मी मानते. धारपांची ‘लुचाई’ मी एका रात्रीत वाचली होती, पण ती मोठ्यांसाठी. मतकरींनी एका हातानं गूढकथा लिहिली आणि दुसऱ्या हातानं बालनाट्य उभं केलं. या दोन हातांच्या मधला, तेरा ते एकोणीसचा वाचक रिकाम्या फळीसमोर उभा राहिला. मग 2024 मध्ये ‘मुंज्या’ सिनेमा आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपले, दंतकथा कोकणातली, भाषा हिंदी. शंभर कोटींच्या वर कमाई झाली. पोरांना आपला मुंजा हिंदीत भेटला, तोही लग्नासाठी हपापलेला राक्षस होऊन. एक मुलगा मेलाय, याचं दुःख त्यात मला पुरेसं दिसलं नाही.

ज्या पुस्तकावर सकाळी सगळ्यात जास्त दात खाल्ले गेले, ते ‘ट्वायलाइट’. स्टेफनी मायर यांचं, 2005 चं. किती जणांनी वाचलंय? मी वाचलंय. माझं त्याच्याशी भांडण आहे. त्यातला व्हॅम्पायर मुलगा न विचारता रात्री मुलीच्या खोलीत शिरतो, तिला झोपलेली बघत बसतो, आणि त्याला प्रेम म्हणतात. हे मी माझ्या विद्यार्थिनींना सांगितलं, पुस्तक हातात घेऊन, त्या पानावर बोट ठेवून. कपाटातून पुस्तक काढलं असतं तर कुठल्या पानावर बोट ठेवलं असतं?

पण त्याच पुस्तकातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. तो मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरायला टेकलेला असताना त्याचं माणूसपण सुटलं. त्या साथीत अमेरिकेत सुमारे पावणेसात लाख माणसं गेली. त्यातलं एक पोर तिथल्या लेखिकेनं उठवलं, शाळेत पाठवलं, जगभरच्या मुलांच्या शेजारी बसवलं. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीच्या वर माणसं मेली. सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. 1911 ते 1921 या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. मेले ते बहुतेक तरणेताठे. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडाऱ्यात होतो. आणि हा समोरचा तलाव, ज्याच्या काठी मंडप टाकून आपण बसलोय, तो 1917 चा. पाळीवरची माती नीट बसलीही नसेल, तोवर साथ आली. या पाळीवर टोपली वाहिलेली किती पोरं पुढच्या वर्षी राहिली नसतील? एकाला तरी आपण उठवलं? मला मराठीत असा एक मुलगा सापडलेला नाही. सतरा वर्षांचा, 1918 साली गेलेला, आणि आज तिरोड्याच्या कॉलेजात शेवटच्या बाकावर बसलेला. त्याला स्मार्टफोन कळत नाही, पण पाऊस कधी येणार ते कळतं. नागझिऱ्याची वाट त्याला अंधारात पाठ आहे, कारण तेव्हा तिथं तारेचं कुंपण नव्हतं. असा मुलगा अमेरिकेतून मागवायची गरज काय?

लेखकांनो, तुम्ही ज्येष्ठ आहात, पण हा आळस तुमचा आहे. स्वतः लिहिलं नाही आणि दुसऱ्यानं लिहिलेलं काढून घ्यायला निघालात.

सालेकसा तालुक्यातलं कचारगड तुम्हाला माहीत आहे. माघ पौर्णिमेला तिथं लाखांनी लोक जातात. गोंडी बांधवांची कथा तिथं नांदते. कली कंकालीच्या मुलांना गुहेत कोंडलं, तोंडावर शिळा लावली. जगाच्या लेखी ती पोरं संपली. मग पारी कुपार लिंगो आला, जंगो रायतार आली, आणि हिरासुका पाटालीर हा वादक आला. त्याच्या वाद्यानं आतल्या पोरांत बळ आलं, शिळा हलली, पोरं बाहेर आली, आणि पाटालीर स्वतः त्या शिळेखाली चिरडला गेला. कलावंताचं काम काय, हे याहून स्पष्ट कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आज सकाळी तुम्ही शिळेच्या बाजूनं हात वर केलेत.

ठरावाचा कागद मी टेबलावर बिनसहीचा ठेवते आहे. सही हवी असेल तर अध्यक्ष बदला, मला राग येणार नाही.

माझ्या भाषणाची अजून वीस मिनिटं आहेत. ती मी मागच्या सतरंजीवरच्या एका मुलीला देते. दहावीत आहे. तिनं चौदा पानांची गोष्ट लिहिली आहे. काल रात्री मी ती वाचली. त्या गोष्टीतला मुलगा या पाळीवर टोपली वाहायचा. सकाळच्या ठरावानंतर तिनं वही पिशवीत घातली, ते मी इथून पाहिलं.

ये बाई पुढं. माईक खाली घ्या रे थोडा, तिची उंची कमी आहे.