हिवाळा आणि हृदय
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला गोड बोलावे असा रिवाज आहे. पण तिळगुळाला अजून अवकाश आहे, तेव्हा आज थोडे कडू बोलले तरी आपण रागावणार नाही. मी ३२ वर्षे हृदयरुग्णांच्या विभागात परिचारिका होते. दिवाळी सरून पहाटेचा गारठा पडू लागला, की आमच्या खाटा भरू लागत.

थंडीने माणूस दगावतो म्हटले की आपल्याला हिमालयातले बर्फ आठवते. खरी गोष्ट निराळी आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरांतले सुमारे सात मृत्यू थंडीच्या माथी आले, उन्हाळ्याच्या माथी अर्धासुद्धा नाही. त्यातही कडाक्याच्या थंडीपेक्षा बेताच्या गारठ्याचा वाटा मोठा! पोर्तुगाल हा उबदार देश, फिनलंड बर्फाचा. तरी हिवाळ्यात मृत्यू वाढतात ते पोर्तुगालात जास्त. फिनलंडची माणसे घर उबदार राखतात, अंगभर कपडे घातल्यावाचून उंबरा ओलांडत नाहीत. आपली घरे यांतल्या कोणाच्या घरासारखी, हे मी सांगायला नको. निफाडचा पारा उतरला की आपण वर्तमानपत्रात कौतुकाने वाचतो, आणि अनवाणीच फरशीवर चालतो.

गारठा लागला की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब राखण्याची ती शरीराची युक्ती. पण त्यामुळे रक्तदाब चढतो, हृदयाला जोर करावा लागतो, आणि रक्तही दाट होऊन गुठळी होणे सोपे जाते. धडधाकट हृदय हे सोसते. जिच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, तिला ते महागात पडते. त्यातून फ्लूचा ताप आला तर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कितीतरी पट वाढतो.

आता सांगा, पहाटे घरात प्रथम कोण उठते? स्वेटर मुलांना, मफलर यजमानांना, आणि आपल्याला एक विरलेली शाल. तीही काम करताना खुंटीवर!

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अशाच एका डिसेंबरात पहाटे बादली उचलताना छातीत दाटून आले, घाम फुटला, जबडा दुखू लागला. पित्त असेल म्हणून त्यांनी ओवा चघळला. एवढ्या पहाटे कोणाला उठवायचे, म्हणून दुपारपर्यंत बोलल्या नाहीत. वाचल्या, पण हृदय कायमचे दुबळे झाले. पुढे दोन जिने चढणेही त्यांना जमले नाही. बायकांच्या बाबतीत छातीत कळ येतेच असे नाही. धाप, मळमळ, विलक्षण थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, एवढ्यावरही ओळखावे लागते. अशा वेळी ओवा नको, वाट पाहणे नको. १०८ क्रमांकाला फोन करावा.

बाकी गोष्टी घरगुतीच आहेत. अंथरुणातून उठल्याबरोबर शाल आणि मोजे. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक बरे. स्नान कोमट पाण्याने. फिरायला जाणाऱ्यांनी ऊन पडू द्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटते म्हणून सोडू नयेत. थंडीत मात्रा बदलायची की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे, शेजारणीने नव्हे. साठी उलटलेल्यांनी फ्लूच्या लसीबद्दल त्यांनाच विचारावे. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून मुळीच निजू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसणार आहे. ज्यांनी वर्षभरात मोजला नसेल त्यांनी आधी तिकडे यावे, चहा नंतर घ्यावा. चहाने आकडा थोडा चढतो.