बंबावरचा कामगार



उन्हाळ्यात आपल्या हिंगोली-वसमत भागात कडब्याच्या गंजीनं पेट घेतला की पहिली ओरड ठरलेली: "बंब कुठाय?" बंब येतो. खाकीतली माणसं उतरून होज पसरतात, एक जण पंपापाशी थांबतो. टाकी संपली की गाडी पाणी भरायला पळते. दिसायला ही माणसं पोलिसांसारखी, आणि घोळ तिथंच होतो. पोलिसांच्या संघटनेवर १९६६ च्या कायद्यानं बंधनं आहेत. तीच फायरमनवरही असतील असं वाटतं; पण फायरमनला तो कायदा लागू नाही.

मग फायरमन कायद्यानं कोण? याचा निकाल नागपूरच्या एका प्रकरणात लागला. १९५६ मध्ये तिथल्या महापालिका कर्मचाऱ्यांचा वाद औद्योगिक न्यायालयाकडे गेला. मागण्या नेहमीच्याच: वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी, घरभाडं. महापालिका म्हणे, आम्ही काय गिरणी चालवतो? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६० साली न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी एकेक खातं तपासलं: पाणी, दिवाबत्ती, बाजार, बागा आणि अग्निशमनही. हेच काम खासगी माणसानं केलं तर तो उद्योग ठरेल ना? मग पालिकेनं केलं तरी उद्योगच, आणि त्यात राबणारा फायरमन कामगारच. माझ्या मते कित्येक मोर्चांनी मिळालं नसतं, ते फायरमनला या निकालानं दिलं.

संघटनेचा आणि संपाचा हक्क मात्र देशोदेशी वेगळा. ब्रिटनमध्ये फायरमनची संघटना १९१८ ची. १९७७ मध्ये ते देशभर संपावर गेले, तेव्हा लष्कराला जुने हिरवे बंब घेऊन उतरावं लागलं. जपानमध्ये मात्र त्यांना संघटनेचा हक्कच नाही. आपल्याकडे मधला मार्ग आहे: संघटना काढा, पण संपाआधी नोटीस द्या, आणि अत्यावश्यक सेवा म्हणून सरकार संपावर बंदीही घालू शकतं.

१९२६ च्या कामगार संघटना कायद्यापासून संघटनेच्या नोंदणीला किमान सात सभासद लागतात. लहान पालिकेत सात फायरमन जमवायचे तर रात्रपाळी करून झोपलेल्यालाही उठवावं लागेल! त्यामुळं सफाई आणि पाणीपुरवठ्याच्या मंडळींसोबत एकाच संघटनेत राहणं सोयीचं. संख्याबळ मिळतं; पण जोखीम भत्त्याची मागणी यादीत तळाला जायची भीती राहते.

खरी अडचण कंत्राटी फायरमनची. वर्दी आली की तोही त्याच बंबावर चढतो, पण पगार ठेकेदाराकडून. ठेकेदारानं पगार थकवला तर तो मूळ मालकानं द्यावा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं आणली. मात्र आपण कामावर होतो हे दाखवता आलं पाहिजे. तेव्हा मित्रांनो, हजेरीपटाची झेरॉक्स दर महिन्याला काढून घरी ठेवा.