काजव्याचा दिवा, पतंगाचा गंध
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



कीटकांतील नर व मादी एकमेकांना कसे बोलावतात आणि ही बोलावण्याची रीत कशी बदलत गेली, हा आजचा माझा विषय आहे. तो मेळाव्यात बोलण्याजोगा नाही असे काहींना वाटेल. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा व उत्क्रांतीचा धडा आला की, "सर, हे जरा भरभर उरका," असे सुचविणारे पालक आहेत. त्यांचा संकोच मी समजू शकतो. परंतु नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी 'किताबुल हयवान' हा प्राण्यांविषयीचा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात प्राण्यांच्या मीलनाविषयीही मोकळेपणाने लिहिले. शिवाय आपल्या श्रीगोंदा तालुक्यात ज्यांच्या रानात ऊस, तूर आणि हरभरा उभा आहे, त्यांना हा धडा उरकून परवडणारे नाही.

हरभऱ्यावरील घाटे अळीच घ्या. ही अळी ज्या पतंगाची, त्याची मादी रात्री पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक गंध सोडते. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नर मात्र तो आपल्या शृंगिकांनी टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने उडत मादीपर्यंत पोहोचतो. या गंधातील मुख्य द्रव्ये दोन. एकाचे प्रमाण शंभरात सुमारे ९७ भाग, दुसऱ्याचे ३. आता मौज पाहा. तंबाखू व मिरचीवर जगणारी हिची एक जवळची बहीण-जात आहे. तिच्या गंधातही हीच दोन द्रव्ये असतात, पण प्रमाण जवळजवळ उलटे! मसाला तोच, हात वेगळा. तेवढ्यावर एकीचा नर दुसरीकडे सहसा फिरकत नाही.

हे प्रमाण बदलले कसे? आनुवंशिक बदलामुळे एखाद्या मादीचा गंध थोडा निराळा होतो. बहुतेक वेळा तिचे नुकसानच होते, कारण नेहमीचे नर येत नाहीत. परंतु एखादा नर तो निराळा गंध ओळखणारा निघाला, तर त्यांची प्रजा हळूहळू इतरांपासून वेगळी पडू लागते. पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले की एका जातीच्या दोन जाती होतात. दहावीच्या पुस्तकातील उत्क्रांती ती हीच. ती समजून घेतल्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का बसावा, असे मला तरी वाटत नाही.

असा गंध प्रथम ओळखला तो जर्मनीच्या बुटेनांट यांनी, १९५९ साली. त्यासाठी त्यांना रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्या लागल्या. आज कृषी सेवा केंद्रात मिळणारे कामगंध सापळे त्याच विद्येचे फळ आहे. हेक्टरी ५ सापळे लावून रोज अडकलेले नर मोजले, तर फवारणीची वेळ आली की नाही ते कळते. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, यात किती पैसा आणि किती विष वाया जाते, ते पालकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

हाक मादीसाठी असली तरी ती ऐकणारे दुसरेही असतात. हवाई बेटांवर एक रातकिडा आहे. नर पंखावर पंख घासून गातो. तेथील एक माशी हे गाणे ऐकून येते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते; त्या त्याला आतून खातात. मार्लिन झुक यांना २००३ साली कवाई बेटावर असे दिसले की बहुसंख्य नर गातच नाहीत. त्यांच्या पंखांवरील आवाज काढणारी दाती जवळजवळ नाहीशी झाली होती. वीसहूनही कमी पिढ्यांत सुमारे ९० टक्के नर मुके झाले! मुका नर उरल्यासुरल्या गाणाऱ्याच्या आसपास बसतो आणि गाण्याला आलेली मादी गाठतो. उत्क्रांतीला नेहमी लाखो वर्षेच लागतात, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात, मेअखेरीस व जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, जांभळीची झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचे संभाषण. प्रत्येक जातीची उघडझाप वेगळी. पण काजव्याच्या अळ्याही चमकतात, आणि त्यांना तर जोडीदार शोधायचा नसतो. अनेक काजव्यांच्या अंगी कडू विष असते, म्हणून हा दिवा आधी "मला खाऊ नका" असे भक्षकांना बजावण्यासाठी आला आणि पुढे प्रौढ काजव्यांनी तोच भेटीसाठी वापरला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. अमेरिकेत एका काजव्याची मादी दुसऱ्या जातीच्या मादीची उघडझाप हुबेहूब करते आणि फसून आलेल्या नराला खाऊन टाकते. आपल्याकडे हे काम मोटारींचे दिवे आणि बॅटऱ्या करतात. खात नाहीत एवढेच. त्या झगमगाटात काजव्याला काजवा दिसत नाही, मीलन होत नाही, आणि पुढल्या वर्षी झाड काळोखे राहते. काजवे पाहावयास जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे विझवून लांब थांबावे.

शेवटी उसाच्या हुमणीविषयी. वळिवाचा चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंब व बाभळीवर जमतात, पाला खातात आणि तेथेच त्यांचे मीलन होते. काही जातींत मादीच्या गंधानेच हा मेळा भरतो. नंतर माद्या जमिनीत अंडी घालतात आणि अळ्या उसाची मुळे खातात. वर्षात पिढी एकच, त्यामुळे या थोड्या संध्याकाळी फार मोलाच्या. विद्यार्थ्यांनी यंदा झाडाखाली चादर अंथरून फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात टाकावेत आणि रोजची संख्या तारखेसह वहीत लिहावी. गल्लीतल्या सर्व शेतकऱ्यांनी एकाच संध्याकाळी हे केले तर उपयोग अधिक, कारण भुंगेरा बांध ओळखत नाही. वह्या मी शाळेत तपासून देईन.