शेतातील घरास नवी खोली जोडताना

(सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासाठी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातील एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



नवे घर कसे बांधावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. नमुना नकाशे निघतात, अनुदानाच्या योजना येतात, पुस्तिका वाटल्या जातात. परंतु शेतकरी कुटुंबावर संपूर्ण नवे घर बांधण्याचा प्रसंग आयुष्यात बहुधा एकदाच येतो. असलेल्या घरास आणखी एक खोली जोडण्याचा प्रसंग मात्र प्रत्येक पिढीत दोनतीनदा येतो. मुलाचे लग्न ठरते, सोयाबीनची पोती ठेवावयास जागा पुरत नाही, वृद्ध आईवडिलांसाठी न्हाणीलगतची खोली हवी असते. अशा वेळी नकाशा कोणी काढीत नाही. मालक आणि गवंडी अंगणात उभे राहतात, चुन्याने चार रेघा ओढल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडते. आज मी बोलणार आहे ते या चार रेघांविषयी.

हा विषय मी मराठवाड्याच्या, त्यातही लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या संदर्भात मांडणार आहे. त्याचे कारण आपणांस ठाऊकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. जगाच्या मानाने तो फार मोठा भूकंप नव्हता. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात गणलेला होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात घातला गेला. माणसे मेली ती प्रामुख्याने घराखाली. मातीत रचलेल्या गोट्यांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती फुटल्या आणि माळवदाची माती अंगावर आली.

त्या ढिगाऱ्यांतून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली. ती आजच्या विषयाचे मूळ आहे. आपल्या जुन्या खणांच्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळया यांच्यावर असतो, भिंत ही केवळ आडोशासाठी असते. अनेक ठिकाणी भिंती बाहेरच्या बाजूस कोसळल्या, परंतु लाकडी सांगाडा उभा राहिला. जुन्या सुताराने भार कोठे न्यावयाचा हे नेमके ठरविले होते. आपण खोली वाढविताना नेमके तेच विसरतो. खोली मोठी दिसावी म्हणून मधला खांब काढतो, तुळईचे टोक भिंतीवर टेकवितो. काही वर्षांनी माळवद गळू लागले की त्या जागी स्लॅब टाकतो आणि तो सरळ त्या मातीच्या भिंतीवर बसवितो.

येथे कोणीही शहाणा माणूस प्रश्न विचारील की, माळवद तर स्लॅबपेक्षा जड असते, मग भीती कसली? हिशेब करून पाहू. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी खोली घ्या. दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतो, म्हणजे या खोलीवर तीन टन. एक फूट जाडीच्या माळवदाचे वजन त्याच खोलीवर साडेपाच टनांच्या आसपास जाते. गळती थांबावी म्हणून जुन्या थरावर वर्षानुवर्षे पांढरी माती चढत गेली असेल, तर त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा स्लॅब हलका हे खरेच आहे. परंतु माळवदाचे साडेपाच टन लाकडाच्या खांबांवर होते आणि स्लॅबचे तीन टन कधीही भार न वाहिलेल्या भिंतीवर येतात. त्या भिंतीतील माती दगडांना धरून ठेवीत नाही, फक्त पोकळी भरते. त्यावर आणखी हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली की भरल्या टाकीचा आणखी एक टन वाढतो. वजन किती यापेक्षा ते कोणाच्या खांद्यावर ठेवले, हा प्रश्न महत्त्वाचा.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की नवी खोली जुन्या घराला टेकू देऊ नका. तिचा पाया, तिच्या चारही भिंती आणि तिचे छप्पर ही स्वतंत्र असावीत. जुन्या भिंतीच्या शेजारी नवी भिंत उभी करून दोहोंमध्ये निदान २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाची फट पायथ्यापासून छपरापर्यंत मोकळी ठेवावी. फटीवर बाहेरून पत्र्याची पट्टी एकाच बाजूस ठोकून पावसाचे पाणी अडवावे. दोन्ही बाजूंस ठोकली तर फटीचा उपयोगच राहत नाही. चौथ्या भिंतीचा खर्च वाचविण्याचा मोह येथे फार असतो. गवंडीही म्हणतो, “भिंत आयती आहे, साहेब.” ती आयती भिंतच पुढे घात करते. भूकंपाची गोष्ट बाजूस ठेवली तरी जुने घर तीस-चाळीस वर्षांत जेवढे बसावयाचे तेवढे बसलेले असते. नवे घर आता कोठे बसू लागणार असते. दोघांना एकत्र बांधले की जोडावर तडा जातो. मग तो गिलाव्याने बुजवावयाचा आणि पुढील उन्हाळ्यात पुन्हा पाहावयाचा, असा क्रम सुरू होतो.

या संदर्भात पुनर्वसित वसाहतींचा विचार विशेष काळजीने व्हावयास हवा. भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचे, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. अडीचशे चौरस फुटांच्या घरात आता दुसरी आणि तिसरी पिढी राहत आहे, तेव्हा खोल्या वाढणारच. त्यात गैर काही नाही. अनुचित आहे ते एवढेच की, भूकंपाचा विचार करून बांधलेल्या मूळ घरास दगडमातीची, कोणताही पट्टा नसलेली खोली चिकटविली जाते. मग कुटुंबातील निम्मी माणसे सुरक्षित घरात आणि निम्मी १९९३ पूर्वीच्या घरात झोपतात. बहुधा म्हातारी माणसेच त्या नव्या खोलीत असतात.

दगडातच बांधावयाचे असेल तर हरकत नाही. आपल्या भागात दगड मुबलक आहे आणि तो वाईट नाही. वाईट आहे ती रचना. बाहेरचा दर्शनी थर आणि आतला थर वेगवेगळे उभे करून मध्ये खडी-माती भरली की भिंत जाड दिसते, पण ती प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असतात. भारतीय मानक १३८२८ अनुसार उंचीच्या दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता भिंतीच्या दोन्ही अंगांस पोहोचणारा अखंड दगड घालावा. एवढा लांब दगड न मिळाल्यास त्याच मापाचा, मध्ये सळई असलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. सिमेंटच्या मसाल्यात काम करावे आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा सलोह काँक्रीटचा पट्टा घ्यावा. बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव जे काम करते, तेच काम हा पट्टा करतो. तो एका कोपऱ्यावर तुटला तरी चालेल असे म्हणणाऱ्याने धाव तुटलेली गाडी हाकून पाहावी. जुन्या घरातून नव्या खोलीत जाण्यासाठी दार फोडावयाचे असल्यास ते कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर असावे आणि वरची कपाळपट्टी बसेपर्यंत भिंतीस आधार द्यावा.

आता जमिनीविषयी. आपली काळी माती पिकास माता आहे, पायास मात्र सावत्र आई. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. माती थोडी असेल तर प्रश्न सोपा, ती काढून घट्ट मुरमापर्यंत जावे. माती खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पुढे आणलेला, तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खुंटांचा पाया घ्यावा. हे खुंट सुमारे साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेथे ऋतूप्रमाणे ओलाव्यात फारसा फरक पडत नाही. ते काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली करावे. न्हाणीचे सांडपाणी आणि शोषखड्डा पायापासून दूर न्यावा. एका कोपऱ्यास बारमाही ओल आणि दुसऱ्यास कोरड हेच तड्याचे मोठे कारण असते. घराभोवती बाहेर उतार दिलेली मीटरभर रुंदीची फरसबंदी करावी, ती स्वस्त आहे आणि तिचा उपयोग फार होतो.

येथे शिक्षक बंधुभगिनी आहेत, म्हणून एक प्रयोग सांगतो. वाळवून बारीक चाळलेली दहा ग्रॅम माती घ्यावी. असे दोन भाग शंभर मिलिलिटरच्या दोन मापन नळ्यांत टाकावेत. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल भरावे आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातील थर रॉकेलमधील थराच्या दीडपट वा अधिक झाला, तर ती माती साध्या पायास योग्य नाही असे समजावे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज होते. ज्या घरी बांधकाम निघणार आहे त्या घरच्या विद्यार्थ्याने आपल्याच अंगणातील माती आणली तर उत्तमच.

कागदपत्रांची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण ती सांगणारे अधिकारी आपल्यात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील ‘शेतघर’ या व्याख्येत अवजारे, चारा, धान्य आणि गुरे यांच्याबरोबर धारकाच्या कुटुंबाचे व शेतमजुरांचे राहणेही येते. परंतु तीच खोली दुकानास दिली, भाड्याने दिली की उपयोग बदलतो आणि प्रश्न निराळा होतो. या तरतुदींत अलीकडे अनेक बदल झाले आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये, महसूल कार्यालयात आधी विचारावे. गावठाणातील बांधकामाच्या परवानगीसंबंधी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ आहे, ते पंचायत सदस्यांनी एकदा स्वतः वाचावे. एका गोंधळाचा उल्लेख मात्र करावयास हवा. महसुलाचा गाव नमुना आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा आहे आणि पंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. घरपट्टी नावावर आहे म्हणजे जागा नावावर आहे असे नव्हे. गावठाणातील घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. शेतातील वस्ती त्या मोजणीत येत नाही. तेथे सातबारा आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी हाच आधार. सातबारावर तीन भावांची नावे असतील तर खोली बांधण्यापूर्वी तिघांची लेखी संमती घ्यावी. भाऊ आज एका ताटात जेवत असले तरी घ्यावी.

वस्तीवर जागा निवडताना कडब्याची गंज आणि राहती खोली यांत मोकळे अंतर ठेवावे. विजेच्या तारांखाली तर खोली काढूच नये. पावसाच्या झडीकडील, म्हणजे नैर्ऋत्येकडील भिंतीस मोठी खिडकी देऊ नये, दिल्यास वर रुंद छज्जा द्यावा.

कामाच्या हंगामाविषयी दोन शब्द. जुन्या भिंतीलगत चर खणताना तो जुन्या पायाच्या तळाखाली नेऊ नये. न्यावाच लागला तर नवा पाया पुरेसा दूर सरकवावा, आणि एकदम सगळी लांबी न उघडता तुकड्यातुकड्याने खणावे व भरावे. पावसाळ्यात हे काम करूच नये. सुगी उरकल्यावर, संक्रांतीच्या सुमारास पाया काढला तर मृगाच्या आत छप्पर पडते. परंतु आपल्याकडे स्लॅबचे काम नेमके एप्रिल-मे महिन्यांत येते, त्या वेळी विहिरीने तळ गाठलेला असतो. स्लॅब साध्या सिमेंटचा असेल तर निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचा असेल तर दहा दिवस सतत ओला राहिला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ दोन घागरी शिंपडल्याने ते होत नाही. मातीचे वाफे करून पाणी साठवावे किंवा ओले गोणपाट पसरावे. एवढ्या पाण्याची व्यवस्था झाल्याखेरीज गवंड्यास स्लॅबची तारीख देऊ नये.