बाळंतिणीचे मन आणि मेंदूतील रसायने
(देवगाव फाटा, जिल्हा परभणी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्यसेविकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवगाव फाट्यावर एस. टी.तून उतरणाऱ्या प्रवाशांत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या लेकी असतात. पुढे त्याच लेकी तान्हे मूल कुशीत घेऊन सासरी परततात. बाळाचे वजन, आईचे दूध, डिंकाचे लाडू यांची चौकशी घरोघर होते. तिच्या मनाची चौकशी मात्र क्वचितच होते.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस मन हळवे होणे, अकारण रडू येणे हे स्वाभाविक होय. परंतु ही उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपले असतानाही आईला झोप येईनाशी झाली, बाळाविषयी माया वाटेनाशी झाली, तर तो प्रसूतिपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो. अशा स्त्रीला कोणी कामचुकार ठरवितात, कोणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. विज्ञानाचे उत्तर निराळे आहे.

शरीरातील ग्रंथी जी संप्रेरके निर्माण करतात, त्यांपैकी स्टेरॉइड वर्गातील काही द्रव्ये मेंदू स्वतःही तयार करतो, असे फ्रान्समधील शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोलिओ यांनी 1981 मध्ये उंदरांवरील संशोधनातून दाखवून दिले. त्यांना चेता-स्टेरॉइडे म्हणतात. त्यांतील ॲलोप्रेग्नॅनोलोन हे प्रोजेस्टेरॉनपासून बनते. चेतापेशींची उत्तेजना आवरणारे 'गाबा' नावाचे द्रव्य मेंदूत असते. ॲलोप्रेग्नॅनोलोन त्याचा प्रभाव वाढविते व मेंदूला शांतता देते.

गर्भारपणी वारेमुळे या द्रव्याचा पुरवठा पुष्कळ वाढतो आणि गर्भाच्या वाढत्या मेंदूलाही त्याचा लाभ होतो. वार पडल्यानंतर अवघ्या काही दिवसांत ही पातळी झपाट्याने उतरते. हा उतार प्रत्येक बाळंतिणीत होतो. पण काहींच्या मेंदूला त्याच्याशी जुळवून घेणे जड जाते, असे संशोधक मानतात. काही स्त्रियांना मासिक पाळीच्या सुमारास फेफऱ्याचे झटके अधिक येतात, त्यामागेही या द्रव्याचा चढउतार असल्याचे मानले जाते. याच ज्ञानावर आधारलेल्या दोन औषधांना प्रसूतिपश्चात नैराश्यासाठी अमेरिकेत 2019 व 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्यांतील दुसरे चौदा दिवस घ्यावयाच्या गोळ्यांच्या रूपात आहे.

तथापि दोष केवळ रसायनांचा नव्हे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील बहुतेकींचे मन गर्भारपणातच खचलेले होते. गरिबी, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा या आजाराशी संबंध दिसून आला. अशा मातांच्या बाळांचे वजनही सहाव्या महिन्यात कमी भरण्याचा धोका अधिक होता. म्हणजे आईच्या मनाची हेळसांड ही बाळाच्या कुपोषणाचीही वाट होय.

येथे गावाची जबाबदारी सुरू होते. माहेर एका गावी, सासर दुसऱ्या गावी. त्यामुळे बाळंतीण दोन्हीकडच्या नोंदीतून निसटण्याचा संभव असतो. माहेरच्या आशा सेविकेने सासरच्या सेविकेस तिची माहिती कळवावी. गृहभेटीत बाळाचे वजन घेण्यापूर्वी आईला विचारावे, "झोप लागते का? मन कशात रमते का?" उत्तर चिंताजनक असल्यास तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. 14416 या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. समुपदेशनाने व डॉक्टरांच्या देखरेखीखालील औषधांनी हा आजार बरा होतो. स्तनपान चालू असतानाही देता येतील अशी औषधे आहेत. मात्र भास होणे, असंबद्ध बोलणे किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचा विचार येणे ही तातडीची लक्षणे होत. तिला एकटे सोडू नये, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पंचायतीने ग्रामसभेत आणि शिक्षकांनी पालकसभेत हा विषय संकोच न बाळगता मांडावा. सासूने सुनेला एक रात्र निवांत झोपू देणे आणि मुलगी झाली म्हणून कोणी तोंड न फिरविणे, हाही उपचाराचाच भाग आहे. बाळंतीण दोषी नाही, ती आजारी आहे, एवढे घरच्यांनी जाणले तरी तिचा दवाखान्याचा मार्ग मोकळा होईल.