पावतीच्या पलीकडे



सिन्नरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी बरीच वर्षे खजिनदार होतो. पेशाने शिक्षक, त्यामुळे हिशेब चोख ठेवायची सवय. रविवारची उपासना संपली की अर्पणाची थैली मोजायची, वहीत नावे चढवायची, पावत्या फाडायच्या. पैसा न पैसा जुळला की आपली सेवा पूर्ण झाली, असे मला वाटे. ती तिथे सुरूसुद्धा झालेली नसते, हे मला एका विड्या वळणाऱ्या बाईंनी शिकवले.

सिन्नर हे विड्यांसाठी ओळखले जाणारे गाव. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि बोलता बोलता चालणारी बोटे, हे चित्र आम्ही लहानपणापासून पाहिलेले. या बाई अशाच हजारावर मजुरी मिळवून घर चालवीत. दर महिन्याला मंडळीच्या सेवाकार्यासाठी एका लिफाफ्यात थोडे रुपये घालून आणून देत. वाडीवस्तीवरच्या मुलांची फी, कुणाचे औषधपाणी, असे आमचे काम त्या आणि तशाच इतर लिफाफ्यांवर चाले.

एके वर्षी सलग तीन महिने त्यांचा लिफाफा आला नाही. मी नियमाप्रमाणे स्मरणपत्र पाठवले. मजकूर छापील, नाव तेवढे हाताने लिहिलेले. पुढच्या रविवारी बाई आल्या. तिन्ही महिन्यांचे पैसे त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि हळूच म्हणाल्या, ‘‘सर, माझा हात मोडला होता. विड्या बंद होत्या. लिफाफा आला नाही हे तुम्हाला कळलं. मी आले नाही हे नाही कळलं.’’

ते पैसे त्यांनी उसने आणले होते, हे मला नंतर समजले.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही त्यांच्याकडून घेत होतो आणि बदल्यात कागदाचा एक चिटोरा देत होतो. ज्यांना मदत पोचते त्यांची आम्ही विचारपूस करायचो. ज्यांच्यामुळे ती पोचते, त्यांच्या श्रद्धेचे काय चालले आहे, त्यांच्या घरात दुःख आहे की आनंद, हे कुणी विचारायचे?

प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले, ते मी त्यानंतर पुन्हा वाचले. त्या लोकांनी त्याला मदत पाठवली होती. पौल आभार मानतो, पण लगेच सांगतो की, मला देणगीचा सोस नाही. तुमच्या हिशेबी फळ जमा व्हावे, ही माझी इच्छा आहे. बघा, भाषा हिशेबाचीच आहे, पण वही देणाऱ्याची आहे! मी आयुष्यभर घेणाऱ्याची वही लिहीत आलो होतो.

आपल्याकडे हे मर्म कुणी ओळखले असेल, तर ते पंडिता रमाबाईंनी. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि ठिकठिकाणी तिची मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षे द्यायचा. रक्कम लहान, पण मुदत केवढी! एकदाच शंभर डॉलर देऊन मोकळे होणे सोपे असते. दहा वर्षे दर वर्षी आठवण ठेवणाऱ्या माणसाचा त्या कामाशी घरोबा होतो.

या आधारावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि विधवांच्या आश्रमासाठी त्यांनी स्वतः फिरून वर्गणी गोळा केली. ज्या हाताने घेतले, तो हात देणारा झाला. कोणत्याही सेवाकार्याचे यश मोजायला यापरते माप मला सुचत नाही.

रमाबाईंची वाट सरळ नव्हती. सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून वाद पेटला आणि 1893 मध्ये पुण्यातल्या मान्यवर सल्लागारांनी अंग काढून घेतले. त्यात कोणाचे किती चुकले, हा आजचा विषय नाही. धडा मात्र घेण्यासारखा आहे. पैसा कशासाठी मागितला आणि काम काय चालले आहे, यात देणाऱ्याला अंतर दिसू लागले की मने दुरावतात. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, 1898 मध्ये, रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींचे केडगावचे काम तेव्हा उभे राहत होते. झाले ते आणि पुढे करायचे ते त्यांनी आधार देणाऱ्यांपुढे मांडले, आणि नव्या रूपात असोसिएशन पुन्हा उभी राहिली. पुढे ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्रक केडगावहून निघू लागले. नावातच प्रार्थनेची घंटा होती. दूर देशी बसलेल्या माणसाला त्यातून कामाची वार्ता मिळे आणि प्रार्थनेसाठी विषयही मिळत. पैशाबरोबर त्याचे मनही केडगावात गुंतून राही.

हे काही ख्रिस्ती लोकांनीच शोधले आहे असे नाही. आषाढीच्या आधी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि आमच्या सिन्नर तालुक्यातून पुढे जाते. गावोगाव वारकऱ्यांना जेवू घालतात. भाकरी वाढणारी बाई पंगत उठल्यावर नुसती उंबऱ्यात उभी राहत नाही. वेशीपर्यंत चार पावले दिंडीबरोबर चालते. त्या चार पावलांत ती अन्नदाती उरत नाही, वारकरी होते. आम्ही आमच्या देणाऱ्यांना ती चार पावले चालूच दिली नव्हती.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. स्मरणपत्रे बंद केली. महिन्यातून एक संध्याकाळ पाळकसाहेब आणि मी एकेका घरी जाऊ लागलो, आणि जाताना पावतीपुस्तक घरी ठेवू लागलो. पहिल्या पहिल्यांदा लोक बिचकले. ‘‘सर, काही बाकी राहिलीय का?’’ असे विचारीत. आमच्याबद्दल त्यांची समजूत काय होती, ते त्या प्रश्नात आले. वर्षाच्या सभेत आम्ही जमाखर्चाबरोबर कामाची हकिगत सांगू लागलो, आणि फसलेलेही सांगू लागलो. फी भरूनही शाळा सुटलेल्या मुलाची गोष्ट सांगितली, तेव्हा सभेतलाच एकजण उठला आणि संध्याकाळी त्या मुलाला शिकवायला जाऊ लागला. नुसत्या यशाच्या गोष्टी सांगितल्या असत्या, तर तो टाळ्या वाजवून घरी गेला असता.

आणखी दोन गोष्टी आम्ही ठरवून टाळल्या. देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने वाचायची नाहीत. आणि ‘तुम्ही द्या, देव तुम्हाला दुप्पट देईल’ असे कुणाला सांगायचे नाही. हा सौदा झाला. सौद्यात नफा दिसला नाही की माणूस दुकान बदलतो. येशूने मंदिरातल्या दानपेटीपाशी बसून विधवेच्या दमडीचे कौतुक केले, पण तिला परताव्याचे वचन दिल्याचे कुठे लिहिलेले नाही.

यामुळे वर्गणी वाढली का? काही वर्षी वाढली, काही वर्षी घटली. आमच्याकडे पाऊस दगा देतो, तेव्हा थैलीही हलकी होते. पण थैली हलकी झाली तरी माणसे तुटेनाशी झाली.

त्या बाईंचा हात बरा झाला, पण पुढे नजर गेली आणि विड्या कायमच्या सुटल्या. लिफाफा बंद झाला. मात्र दर शनिवारी त्या नातीला माझ्याकडे पाठवीत. ‘‘आजीनं विचारलंय, या आठवड्यात कुणासाठी प्रार्थना करायची?’’ मी आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची नावे लिहून देई. रात्री नात वाचून दाखवी आणि त्या एकेक नाव देवापुढे ठेवीत.

मी खजिनदारपद सोडले, तेव्हा वही नव्या माणसाच्या हाती दिली. पाने चाळताना तो म्हणाला, ‘‘सर, यांच्या नावापुढे रक्कम नाही. नाव कमी करू का?’’

मी म्हटले, ‘‘आधी त्यांच्या घरी जाऊन ये. मग ठरव.’’