रबरी गांडुळाची गोष्ट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून गळाला लावायच्या प्लॅस्टिकच्या गांडुळावर बोलण्यासाठी मी उभा आहे, हे औद्धत्य आपण पोटात घालावे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो होतो की मला दोनच गोष्टी कळतात, जमाखर्च आणि मासे. जमाखर्च ऐकायला कोणी येणार नाही असे त्यांचे मत पडले, म्हणून मासे.

माझे बालपण मालवणजवळच्या एका खाडीकाठी गेले. आमच्याकडे गळाने मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात. बांबूची काठी, तिला दोरी, दोरीला गरी, आणि गरीला कोळंबी किंवा ओल्या मातीतले गांडूळ, एवढाच सरंजाम. उन्हे उतरली की उरलेली कोळंबी पाण्यात भिरकावून आम्ही घरी पळत असू. पुढे नोकरीने मला त्या खाडीपासून शेकडो कोस दूर आणले आणि गरी सुटली. ती पुन्हा हाती आली ती निवृत्तीनंतर, टेक्सासच्या पूर्व भागातील टायलर या शहरी मुलीकडे राहायला गेलो तेव्हा. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या नातवाला आणि मला परवाना वगैरे सोपस्कार समजावून आपल्याबरोबर तळ्यावर नेले. तेच या विद्येतले माझे गुरू.

ते ज्या माशासाठी जात, त्याला तिकडे 'लार्जमाउथ बास' म्हणतात. हा गोड्या पाण्यातला मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. अंग हिरवट, कुशीवरून काळसर पट्टा, आणि तोंड एवढे मोठे की वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. हा धावून शिकार करण्यापेक्षा दबा धरणे पसंत करतो. पाणवनस्पती, बुडालेली झाडे, धक्क्याचे खांब यांच्या सावलीत तो स्वस्थ उभा असतो. भक्ष्य टप्प्यात आले की एकदम जबडा उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. हात नसल्यामुळे वस्तूची पारख तो तोंडातच करतो. लाकडाचे वा धातूचे आमिष कठीण लागले की क्षणात थुंकून टाकतो. मऊ वस्तू मात्र काही क्षण तोंडात धरून ठेवतो, आणि तेवढ्यात गळ टाकणाऱ्याला झटका मारता येतो. नरम आमिषाचे सारे शास्त्र या काही क्षणांवर उभे आहे.

या आमिषाचा जन्म १९४९ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे झाला. निक क्रीम नावाच्या कारागिराने आपल्या पत्नीच्या मदतीने घरच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिक शिजवून ते साच्यात ओतले आणि हुबेहूब गांडूळ तयार केले. पुढे हा उद्योग टायलरलाच आला. लोक याला रबरी गांडूळ म्हणतात, पण त्यात रबर नसते. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रवात कालवलेली, असे ते मिश्रण. सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते एकजीव होते आणि थंड झाल्यावर खरवसासारखे लवचीक बनते. पीठ तेच, पण मोहन जास्त घातले तर करंजी खुसखुशीत होते, हे माझ्या भगिनींना सांगायला नको. येथेही तो द्रव जितका अधिक, तितके आमिष मऊ आणि तितकेच लवकर फाटणारे. काही आमिषांत मीठही मिसळतात. त्याने वजन वाढून ते बुडते, आणि मासा खारट आमिष अधिक वेळ धरतो असे गळवाल्यांचे मत आहे. या तेलकट द्रवाची आठवण ठेवावी. पुढे त्यानेच माझी फजिती केली.

आता निवड. दुकानात शेकडो रंग टांगलेले असतात आणि त्यांतले निम्मे माशांऐवजी माणसांना गळाला लावण्यासाठी असतात, असे माझे गुरू म्हणत. ते स्वतः तीनच प्रश्न विचारत. पहिला, पाणी कसे आहे? नितळ असेल तर पारदर्शक हिरवा किंवा तपकिरी असे निसर्गाशी मिळते रंग. गढूळ असेल किंवा उजेड कमी असेल तर काळा किंवा काळा-निळा, कारण तेथे माशाला रंगापेक्षा आकृतीची गडद कड दिसते. दुसरा, पाणी थंड की ऊन? थंड पाण्यात मासा सुस्त असतो. तेव्हा चार इंचांचे, सरळ शेपटीचे, फारसे न हलणारे आमिष बरे. उन्हाळ्यात सात किंवा दहा इंचांचे, वळलेल्या शेपटीचे चालते. त्या शेपटीच्या फडफडीची कंपने माशाला कुशीवरच्या संवेदनरेषेने अंधारातही कळतात. तिसरा, तळाशी काय आहे? गवत, फांद्या की उघडी रेती? या तिसऱ्या उत्तरावर गळ ओवण्याची पद्धत ठरते.

गवत असेल तर 'टेक्सास पद्धत'. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, मधून भोक असलेले वजन ओवायचे, निमुळते टोक काठीकडे करून. वजन साधारण साडेतीन ते सात ग्रॅम. दाट गवतात याहून जड. मग गळ बांधायचा. सहा इंची गांडुळाला ३/० क्रमांकाचा गळ पुरतो. शून्यापूर्वीचा आकडा वाढतो तसा गळ मोठा होतो. हा गळ नेढ्याजवळ पायरीसारखा वाकवलेला असतो. त्याचे टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्ये अर्धा सेंटिमीटर खुपसायचे, बाजूने बाहेर काढायचे आणि डोके सरकवत त्या पायरीवर आणून बसवायचे. नंतर गळ अर्धा फिरवायचा, तो गांडुळाशेजारी टांगून त्याचा वाक कोठे येतो ते पाहायचे, आणि टोक तेथेच अंगात पुन्हा लपवायचे. आता गवतात काही अडकत नाही. मासा चावला की मऊ अंगातून टोक बाहेर येते. गांडूळ ओळंब्यासारखे सरळ लोंबले पाहिजे. केसभर वाकडे बसले तरी ते पाण्यात गरगर फिरते, तंगुसाला पीळ पडतो, आणि मासा दुरूनच राम राम करतो. पहिले पंधरा दिवस माझी सारी गांडुळे गरगर फिरत होती. नातवाचे मात्र दुसऱ्याच दिवशी सरळ बसले.

तळ उघडा आणि खोल असेल तर 'कॅरोलायना पद्धत'. जड वजन, त्यामागे मणी, मग भिंगरी, आणि तिच्यापुढे हात-दीड हात तंगूस सोडून गळ. वजन तळावरून खरडत चालते आणि आमिष त्याच्यामागे मोकळे तरंगत येते. मासा फार बुजरा झाला असेल तर 'वॅकी पद्धत': काडीसारख्या जाड गांडुळाच्या बरोबर मधोमध गळ टोचायचा, वजन लावायचेच नाही. ते आडवे, दोन्ही टोके थरथरवत, सावकाश खाली जाते. मासे खूप येतात. पण मधोमध टोचलेले गांडूळ दोन-चार माशांत फाटते. ही फाटलेली गांडुळे ध्यानात ठेवावीत.

आता साठवणीकडे वळतो. जुलै महिना होता. मी हौसेने कप्प्याकप्प्यांचा, कठीण पारदर्शक प्लॅस्टिकचा एक डबा आणला. पाकिटांतली आमिषे काढून, रंगांची आरास मांडावी तशी त्यात मांडली, आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवून विसरलो. तिकडचे ऊन आपल्या नागपूरची आठवण करून देणारे. चौथ्या दिवशी उघडायला गेलो तो झाकण उघडेना. उघडले तेव्हा कप्प्यांचे तळ विरघळून चिकट झाले होते, लाल रंग हिरव्यात उतरला होता आणि अर्ध्या ऐवजाचा गोळा झाला होता. गुरू हसले आणि मग समजावून सांगू लागले. तो मऊ ठेवणारा द्रव आमिषात कायमचा बांधलेला नसतो. तो हळूहळू बाहेर येतो, काही जातींचे कठीण प्लॅस्टिक मऊ करतो आणि एका आमिषाचा रंग दुसऱ्यात नेतो. उष्णतेने हे काम झपाट्याने होते. ताणले तरी न तुटणाऱ्या एका वेगळ्याच प्लॅस्टिकची आमिषेही मिळतात. ती या जातीच्या शेजारी ठेवली तर दोन्ही वितळतात. म्हणून नियम असा: प्रत्येक आमिष त्याच्या मूळ पाकिटात, एका पाकिटात एकच जात आणि एकच रंग, पाकीट आडवे, सावलीत. शेपटी दुमडून ठेवू नये. वाकलीच तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ करावी आणि थंड पाण्यात टाकावी. वापरलेले ओले आमिष वाळल्याशिवाय परत पाकिटात घालू नये. मिठाच्या आमिषात गळ रुतवून ठेवू नये, रात्रीत गंजतो.

त्या डब्यातली डझनभर गांडुळे धडधाकट निघाली, पण हिरव्या अंगावर लाल डाग पडलेली. असा रंग कोणत्याही दुकानात मिळत नव्हता. काटकसरी स्वभावामुळे मी ती टाकली नाहीत. ऑगस्टभर तळ्याच्या लाकडी धक्क्यावरून वॅकी पद्धतीने ती वापरली. फाटली की धक्क्याशेजारी पाण्यात भिरकावून देत असे. हाताला लहानपणची सवय होती. उरले आमिष पाण्याचे, कोणीतरी मासा खाईल.

खाल्लेच. सप्टेंबरात गुरूंनी एक बास घरी न्यायला ठेवला. टेक्सासात सामान्यतः १४ इंचांखालचा बास परत सोडावा लागतो, हा त्याहून लांब होता. पण डोके मोठे आणि अंग मात्र आजारी माणसासारखे खंगलेले. पोट चिरले तेव्हा आत दुसरे काही नव्हते. फुगून एकमेकांना चिकटलेली तीन गांडुळे होती. त्यांतल्या दोघांच्या अंगावर लाल डाग होते. गुरू काही बोलले नाहीत. त्यांनी ती वर्तमानपत्राच्या कागदावर ओळीने मांडली. माझा नातू वाकून पाहत म्हणाला, "आजोबा, ही तर आपली." त्या मुलाने 'आपली' म्हटले, 'तुमची' म्हटले नाही, याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

पुढे वाचनात आले की हा योगायोग नव्हता. ब्रूक ट्राउट जातीच्या माशांवर प्रयोगशाळेत केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ते मासे नरम प्लॅस्टिकची आमिषे आपणहून गिळतात, ती त्यांच्या पोटात राहतात आणि त्यांचे वजन घटते, असे त्यात आढळले. जे मऊपण माशाला काही क्षण फसवते, तेच पाण्यात पडून राहिले तर त्याला दीर्घकाळ फसवीत राहते. कोळंबी कुजते, गांडूळ विरते. पीव्हीसी तेथेच असते. शिशाच्या वजनांचेही तसेच. ईशान्य अमेरिकेतले 'लून' नावाचे पाणपक्षी ती गिळून विषबाधेने मरतात. म्हणून न्यू हॅम्पशायर राज्याने शिशाच्या लहान वजनांवर बंदी घातली, आणि जाणती माणसे आता टंगस्टनची वजने वापरतात.

त्या दिवसापासून गुरूंच्या पेटीत असे तसा झाकणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा माझ्याही पिशवीत असतो. फाटलेले गांडूळ त्यात, तंगुसाचे तुकडेही त्यात. टेक्सास पद्धतीत गांडुळाचे डोके फाटले तर पाव इंच कापून तेच पुन्हा वापरता येते. वॅकी पद्धतीत गांडुळाच्या मध्यावर रबरी कडी चढवून तिच्यात गळ अडकवला की ते कितीतरी अधिक मासे टिकते. काटकसर करायची ती येथे. आणि मासा गिळण्याआधी वेळेवर झटका मारावा. गळ घशाखाली गेलाच तर ओढाताण न करता तंगूस जवळून कापून मासा सोडावा. तो जगण्याची आशा तशी अधिक असते. बास पकडण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ साली पकडलेले मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली. कालवणात वाढलेल्या मला ती आधी थट्टा वाटली होती. आता वाटत नाही.

आपण म्हणाल, आमच्या तळ्यात बास नाही, मग ही उठाठेव कशाला? पण आपल्याकडे गवताळ तळ्यांत मरळ आहे, आणि तरुण मंडळी तिच्यासाठी पोकळ रबरी बेडूक वापरतात. कोकणच्या खाडीत जिताडा आहे, आणि त्याच्यासाठी नरम प्लॅस्टिकची मासोळी आता सर्रास वापरली जाते. रंग, गळ, ओवणे सारे बदलेल. पिशवीतला रिकामा डबा बदलणार नाही. आपण घरापासून दूर येताना घरच्या सवयी बरोबर आणतो आणि त्या जपतो, म्हणून तर हे मंडळ पन्नास वर्षे उभे आहे. त्यांतली एखादी सवय, वस्तू बदलली म्हणून बदलावी लागते, एवढे मला त्या धक्क्यावर कळले.

या सभागृहात गरवायला जाणारे कोणी असतील तर त्यांनी सभेनंतर मला भेटावे. गांडूळ सरळ कसे ओवायचे ते मी दाखवीन. बरोबर आणले आहे.